ती वीस मिनिटं माझी होती

बाई,

गेल्या महिन्यात एका सकाळी साडेसहाला फोन वाजला. वेळ तुमची होती, म्हणून मी नेहमीप्रमाणे एका दमात सांगून टाकलं, "सुलै कॅम्प. ताप दोन, जुलाब एक, पायात खिळा गेलेला एक. बोला बाई." पलीकडून तुमच्या भावाचा, अनंतरावांचा आवाज आला. "यासीन, ताई गेली रे. चहाचा कप हातात होता." मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे गेल्या?" चौदा वर्षं नर्सचं काम करतोय, आणि 'गेली' म्हणजे काय ते मला समजू नये! पण तुम्ही जाण्यातल्या नव्हतातच. तुम्ही फोन करण्यातल्या होतात.

त्या दिवशीचे पेशंट मी तसेच पाहिले. खिळेवाल्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जुलाबवाल्याला मीठसाखरेचं पाणी करून पाजलं. काम संपल्यावर हात धुतले आणि मग बसकण मारली.

तुम्हाला नाशिकला पोचवायला अकरा दिवस लागले. या देशातून बाहेर पडायला जिवंत माणसाला कफीलची, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाची सही लागते, मेलेल्यालाही लागते, हे मला तेव्हा कळलं. अनंतराव पोलीस, दूतावास, इस्पितळ अशा चकरा मारत होते आणि मी त्यांच्याबरोबर, मोडकंतोडकं अरबी बोलायला. विमानतळावर मालाच्या गोदामात तुमची पेटी एअरकंडिशनरच्या खोक्यांशेजारी ठेवली होती. अनंतरावांनी हात जोडले, मी माझ्या पद्धतीने दुवा मागितली. तुम्हाला चाललं असतं. बाहेर आलो तर आभाळ मळकट. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर इथवर येतो म्हणतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गाडीची काच रुमालाने पूस आणि बघ, काळं निघतंय की तांबडं, उगाच बोलू नकोस.

आता सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. शहरातल्या तुमच्या बत्ह्याच्या दवाखान्यातल्या फिलिपिनो सिस्टर रडल्या, आमच्या कॅम्पातल्या रत्नागिरीच्या पोरांनी तुमच्यासाठी कुराण वाचलं. मी मात्र गप्प बसलो, कारण मला जे बोलायचं आहे ते तुम्ही जिवंत असताना बोलायला हवं होतं. ते आमच्या कॅम्पातल्या हमीदबद्दल आहे. त्या खोलीचं दार उघडायला लागलेल्या वीस मिनिटांबद्दल आहे.

तुम्ही पहिल्यांदा कॅम्पात आलात तो शनिवार आठवतो? कंपनीची नवी डॉक्टर येणार म्हणून मी आदल्या दिवशी औषधांचं कपाट पुसून, बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. तुम्ही कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाण्याची टाकी कुठे? संडास कुठे?" एवढंच विचारलंत, आणि काळा अबाया सावरत दोन्हींमधली पावलं मोजत निघालात. आमचे गवंडी, फिटर काम टाकून बघत उभे. एकजण म्हणाला, "ही डॉक्टरीण काय मुकादम?" तुम्हाला मराठी कळतं हे त्या बापड्याला काय ठाऊक! तुम्ही मागे वळून म्हणालात, "मुकादमच. टाकीचं झाकण कुठाय ते आधी सांग." त्या दिवसापासून टाकीला झाकण आहे.

माझं बोलणं ऐकून तुम्ही ओळखलंत. "रत्नागिरी का?" म्हटलं, खाडीपलीकडचं गाव. "मग ताजे मासे खाऊन माजलेला असशील, इथे गोठलेली कोंबडी खाऊन बरा वठणीवर आलास." मला वाटलं, ही बाई मोठी तिखट दिसते. येमेनी ड्रायव्हर सालेह गाडीत डुलक्या काढत होता आणि तुम्ही सुलेमानी चहा घेत मला तुमची बेटं सांगत होतात. त्या देशाचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तुम्ही 'माझी बेटं' म्हणायचात, मीही तेच म्हणतो. पॅसिफिकमध्ये पोवळ्याच्या वाळूचे चिंचोळे तुकडे, एकातून दुसऱ्यात जायला होडीने दोन दोन दिवस, आणि सगळ्या देशात मोजके डॉक्टर. त्यातल्या एक तुम्ही, नऊ वर्षं.

तिथल्या पोरांना संध्याकाळ झाली की दिसेनासं व्हायचं. झापांच्या घरात ठेचकाळायची, भिंत चाचपत चालायची. बोटीने येणारा तांदूळ, साखर आणि डब्यातलं मांस खाऊन डोळ्यांची ती गत झाली होती. तुम्ही जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर दिल्यातच, पण दर घरापुढे वाळूत खड्डा काढून, त्यात पालापाचोळा भरून पपई लावायला लावलीत. मी म्हटलं होतं, "बाई, डॉक्टरनं गोळी द्यावी, झाडं लावायला शेतखातं असतं." तुम्ही म्हणालात, "गोळीचा असर सहा महिने. मग बोट येईपर्यंत पोरानं डोळे मिटून बसायचं का?" आपलं पहिलं भांडण ते. मला सुईवर भरवसा, तुम्हाला विहिरीवर नि पपईवर. आमचे लोकही तसलेच, सुई टोचल्याशिवाय त्यांना बरं वाटत नाही. तुम्ही मला 'सुईवाले खानसाहेब' म्हणायला लागलात. मी खान नाही हे दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

आणि तो रेडिओ. रोज सकाळी ठरल्या वेळी तुम्ही मोठ्या बेटावरच्या इस्पितळात माइकपुढे बसायचात आणि एकेका बेटावरची नर्स आपले पेशंट सांगायची. सगळ्या बेटांवर सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. लाजलज्जा काही राहायची नाही, पण कोणी एकटंही पडायचं नाही, असं तुम्ही म्हणायचात. एकदा एक बाळंतीण रक्त जाऊन पांढरीफटक पडत चालली होती. तुम्ही नर्सला विचारलंत, पोटावर हात ठेव, शहाळ्याच्या मलईसारखं लागतंय की नारळासारखं टणक? मग पोट चोळायला लावलंत, मूल छातीशी लावायला सांगितलंत. दुसऱ्या दिवशी रेडिओ सुरू झाल्याबरोबर दूरदूरच्या बेटांवरून पहिला प्रश्न तोच, ती बाई कशी आहे? ही गोष्ट सांगताना तुमचा चेहरा असा व्हायचा की मला माझं इथलं काम एकदम फालतू वाटायचं. ताप, जुलाब, खिळा.

इराकने कुवेत घेतल्यावर काही आठवड्यांनी येमेनी लोकांना, त्यांचं सरकार इराकच्या बाजूचं म्हणून, इथून जावं लागलं. सालेहही गेला, जाताना तुमच्यासाठी मधाची बाटली ठेवून. कंपनीला दुसरा ड्रायव्हर मिळेना, बाई म्हणून तुम्हाला इथे गाडी चालवायची सोय नाही, आणि एकट्या बाईने परक्याच्या टॅक्सीतून सुलैला यायचं म्हणजे नसती बिलामत. बेटावर एकटीने मोटरसायकल दामटणारी बाई बत्ह्याच्या दवाखान्यात अडकली. तुम्ही चार दिवस धुसफुसलात आणि पाचव्या दिवशी साडेसहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. "सुलै कॅम्प, सुलै कॅम्प, मोठ्या बेटावरून बोलतेय. पेशंट सांग."

तुमची रेडिओची शिस्त मी फोनवर शिकलो. आजाराचं नाव सांगायचं नाही, दिसतं ते सांगायचं. मी 'मलेरिया' म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "तो तुला रस्त्यात भेटला का? अंगाला हात लावून काय लागतंय ते सांग." आणि तुम्ही सांगाल ते मी जसंच्या तसं मोठ्याने परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक नको. कॅम्पातले लोक मला हसायचे. भिंतीपलीकडे माझा आवाज जायचा, "अर्धी गोळी, जेवणानंतर, दिवसातून दोनदा!" बाहेर रांगेतला पेशंट आतूनच आपलं औषध ऐकून घ्यायचा.

मग जानेवारी आला. लढाई पेटली, इराकची क्षेपणास्त्रं इथवर यायला लागली, भोंगे सुरू झाले. आकाशातून काय येईल ते येईल, पण त्यात विषारी वायू असेल, ही सगळ्यांच्या पोटात भीती. ऑफिसातल्यांना मास्क मिळाले, कॅम्पाला पत्रक मिळालं. खिडक्या, एसीच्या फटी चिकटपट्टीने बंद करा, दाराखाली ओला टॉवेल लावा, धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत दार उघडू नका. मी ते पत्रक हिंदीत नि मराठीत लिहून काढलं, खोलीखोलीत जाऊन स्वतःच्या हाताने पट्ट्या लावून दाखवल्या. तुम्ही फोनवर विचारलंत, "एका खोलीत किती जण?" म्हटलं, बारा. "मग तासाच्या वर कोंडू नकोस, हवा पुरणार नाही." मी हो म्हटलं. शेगडीचा विचार ना तुमच्या डोक्यात आला ना माझ्या. तुमच्या बेटांवर थंडी नसते. आणि आमच्या गावात चूल दिवसभर घरातच जळते, कौलांच्या फटींतून धूर निघून जातो, धुराने कोणी मेल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. थंडीत गरम हवा सोडणारे एसी बंद केल्याने पत्र्याच्या त्या खोल्या बर्फासारख्या गार पडायच्या. चार नंबरच्या खोलीत रत्नागिरीकडचे लोक. त्यांनी घरच्यासारखी कोळशाची शेगडी पेटवली.

त्या दिवशी पहाटे भोंगा झाला आणि उजाडलं तरी धोका टळल्याचा भोंगा काही होईना. साडेसहाच्या सुमारास दाऊद धडपडत माझ्या दारात आला आणि बाकावर आडवा झाला. दाऊद म्हणजे चार नंबरमधला सुतार, हमीदचा थोरला भाऊ. येताना त्याने खोलीचं दार मागे नीट लावून घेतलं होतं, मी शिकवलं होतं तसं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, गॅस! चार नंबरमध्ये गॅस आलाय!"

"नाव नको. दिसतंय काय?"

"दाऊद समोर आहे. ओकतोय. डोकं गच्च धरलंय, उभं राहवत नाही. आतल्यांनाही तसंच होतंय म्हणतो."

"डोळ्यांच्या बाहुल्या बघ. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात?"

"नाही. नेहमीसारख्याच आहेत."

"लाळ गळतेय? नाक? अंग उडतंय?"

"नाही."

"तीन आणि पाच नंबरमध्ये?"

"तिथे कोणाला काही नाही."

"मग गॅस खोलीचा नंबर बघून आला का रे? चारमध्ये काय पेटवलंय?"

मी दाऊदला हलवून विचारलं. शेगडी, तो म्हणाला.

"दार उघड. खिडक्या फोड. सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर आण. आत्ताच्या आत्ता. म्हण."

"दार उघडायचं, खिडक्या फोडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं."

"पळ."

मी म्हटलं, बाई, पण पळालो नाही. मी भिंतीला लागूनच असलेल्या कॅम्पाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या सेफ्टीवाल्याने मास्कच्या आतूनच हात हलवला, भोंगा होईपर्यंत एकही दार उघडायचं नाही. आणि मला बरं वाटलं. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला बरं वाटलं, कारण आता माझ्याकडे दुसऱ्या कोणाचा तरी हुकूम होता. बाहुल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, विषारी वायूने त्या आकसल्या असत्या. तुमचं बरोबर आहे हे मला कळत होतं. पण चार नंबरपर्यंत जायचं म्हणजे उघड्यावरून चाळीस पावलं, आणि माझ्याकडे मास्क नव्हता. लोकांना मी नंतर सांगितलं की बाकीच्या खोल्यांची काळजी होती. काळजी माझी मला होती. ऑफिसच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघत मी वीस मिनिटं उभा राहिलो.

भोंगा झाल्यावर मात्र सगळ्यांच्या पुढे धावलो. अकरातले दहा वाचले. हमीद शेगडीच्या सगळ्यात जवळ बसला होता, भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात. गालांवर लाली होती, ती शेगडीच्या वायूची हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, याला काहीच झालं नाही, आधी दुसऱ्यांना बाहेर काढू.

तुम्ही फोन धरूनच बसला होतात. मी सांगितलं, दहा बाहेर, हमीद गेला. तुम्ही विचारलंत, "दार कधी उघडलंस?" म्हटलं, "भोंगा झाल्यावर." तुम्ही म्हणालात, "बरं. त्या दहाजणांना पडू दे उघड्यावर, पांघरुणं घाल, ऑक्सिजनची गाडी पाठवतेय. म्हण." मी म्हटलं. तुम्ही एक शब्दही वावगा बोलला नाहीत. बोलायला हवं होतंत, बाई. फोनवरून कानफटात मारली असतीत तर आज मी असा नसतो.

चौथ्या दिवशी तुमचा अहवाल साक्षीदार म्हणून सही करायला माझ्याकडे आला. त्यात तुम्ही लिहिलं होतं, "लक्षणांबद्दल मला खात्री वाटत नव्हती, त्यामुळे दार उघडण्याची सूचना देण्यास मला वीस मिनिटे उशीर झाला." मी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला म्हटलं, "बाई, हे असं झालं नाही." तुम्ही म्हणालात, "माइकपुढे बसतो त्याची सही. सही कर आणि पेशंट सांग."

मी हट्ट धरला तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, आधी कधी न सांगितलेली. बेटांवर तुमच्या सुरुवातीच्या दिवसांत एका नर्सच्या हातून चूक झाली, पोर दगावलं, आणि तुम्ही अहवालात तिचं नाव लिहिलंत. तिला काढून टाकलं. मग वर्षभर रेडिओवर एका बेटावरूनही वाईट बातमी आली नाही. "मला वाटलं, वा, काय तब्येती सुधारल्यात! मग होडीने फिरायला गेले, तर घरांमागे नव्या कबरी." भीतीने सगळ्या नर्सा गप्प झाल्या होत्या. तेव्हापासून तुमचा रिवाज, लांबच्या माणसाकडून काहीही होवो, दोष माइकवाल्याचा. म्हणजे लांबचा माणूस दुसऱ्या दिवशी खरं सांगायला घाबरत नाही.

इथेच आपलं भांडण अर्धवट राहिलं. मी म्हटलं, बाई, ती तुमची बेटं, इथे कागद माणसाला खातो. तुम्ही म्हणालात, "मला खाऊन खाऊन किती खाईल, मी काय आता लग्नाची आहे? तुझ्या मुली शाळेत आहेत." आणि मी सही केली. बाई, तुमचा रिवाज चांगला आहे, पण तो माझ्यावर उलटा पडला. तुमच्या नर्सा दोषाच्या भीतीने गप्प झाल्या. मी दोष टळल्यावर गप्प झालो. मला सांभाळून घेतलंत म्हणून मी खरं बोलेन असा तुमचा हिशोब होता ना? मी बोललो नाही. हे तुम्हाला ऐकवायचं होतं, आणि तुमचं यावर काय म्हणणं आहे ते ऐकायचं होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही अनंतरावांना रजा काढायला लावून कॅम्पात आलात, दाऊदला भेटायला. मी चहा ठेवायला गेलो, मुद्दाम जास्त वेळ लावला. परत आलो तर तुम्ही त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसला होतात आणि तो जमिनीकडे बघत होता. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. जाताना तुम्ही म्हणालात, "त्याचं डोकं अजून दुखतं, गोळी देत जा." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गोळीला येतो, आणि मी रोज त्याच्या तळहातावर ठेवतो.

लढाई संपली. लोकांनी चिकटपट्ट्या खरवडून काढल्या. आणि एका सकाळी पेशंट सांगून झाल्यावर तुम्ही फोन ठेवला नाहीत. "यासीन, बेटांवरून पत्र आलंय रे. या म्हणतात. रेडिओ अजून तोच आहे, माणूस नाही." तुमचा आवाज पंचवीस वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. "फक्त इथल्या चांगल्या नोकरीचा दाखला मागतात." मी विचारलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "त्या अहवालावरून कंपनी देत नाही म्हणते. बघू, विनवण्या चालल्यात." दाखला कशामुळे अडला ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मी खरी एक ओळ लिहून दिली असती तर सुटला असता. मी काय म्हणालो आठवतं? "मिळेल बाई, इन्शाल्ला." देवाचं नाव मी इतक्या खोटेपणाने आयुष्यात कधी घेतलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत तुमची वाक्यं आखूड होत गेली. मध्येच थांबून श्वास घ्यायचात. एकदा तुमच्या भाचीने फोन उचलला, "आत्या इज रेस्टिंग, अंकल, शी विल कॉल बॅक," आणि तुम्ही मागून ओरडलात, "आण तो इकडे, मी काही आजारी नाही." मला तुमचा दम लागलेला ऐकू येत होता. ऐकू आलेलं सांगायचं तुम्हीच शिकवलं होतंत. पण एकदा गप्प बसायची सवय लागली की माणूस सगळीकडेच गप्प बसतो. तुम्ही दाखल्याची वाट बघत गेलात.

तुम्हाला विमानात चढवून आल्यावर मी आठ दिवस लिहीत होतो. फाडायचो, पुन्हा लिहायचो. शेवटी एक पान झालं. साडेसहानंतर पाच मिनिटांच्या आत डॉक्टरबाईंनी दार उघडायला सांगितलं, मी ते मोठ्याने म्हटलं आणि वीस मिनिटं उघडलं नाही. ते घेऊन मेडिकल ऑफिसात गेलो. तिथला केरळी कारकून सज्जन माणूस. वाचून चष्मा काढला. "खलास, यासीनभाई. फाइल बंद. लड़का गया, मैडम भी गई, अब किसके वास्ते?" मी हललो नाही. तासाभराने त्याने शिक्का मारून घेतलं. परवा मॅनेजरने बोलावून सांगितलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेपर्यंत राहा, पुढचं बघू. म्हणजे काय ते मला कळलं. एक प्रत मी तुमच्या बेटांवरच्या इस्पितळालाही पाठवली. त्यांनी तुमच्याबद्दल उगाच वाईट समजू नये. त्याचा तुम्हाला आता काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे, सांगू नका.

राहिला दाऊद. काल संध्याकाळी तो गोळीला आला तेव्हा मी त्याला बस म्हटलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती, गोळ्यांच्या डबीकडे बघून सांगितलं. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मना ठावक होता, यासीनभाय."

मी वर पाहिलं.

"मी तुझ्या बाकावर पडलेलो, मेलेलो नाय. तू मोठ्यान बोल्लास, दार उघडायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं. मी ऐकलं. मना उठवत नव्हतं, नायतर मीच गेलो असतो."

"मग बोलला का नाहीस? इतके महिने?"

"बाई आलेल्या ना माझ्याकडं. हात धरून रडल्या. म्हणाल्या, दाऊद, माझ्याकडून उशीर झाला, मला माफ कर. एवढी मोठी बाई माझ्यापुढं खोटं बोलून रडते, तिला काय सांगू, मी ऐकलंय म्हणून? मी म्हटलं, माफ केलं बाई." त्याने तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं. "मी तुझी वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज बोलेल. गोळी काय, डोकं माझं कधीच थांबलंय."

म्हणजे तुम्ही त्याच्यापुढेही माझी चूक आपली म्हणून अंगावर घेतलीत. आणि तो तुमच्यासाठी, मी बोलेन म्हणून, रोज संध्याकाळी माझ्यापुढे हात पसरत राहिला. दोघांनाही माहीत होतं. वेडा मी एकटाच होतो.

मी त्याला म्हटलं, दाऊद, मला माफ कर. त्याने हातातली गोळी परत डबीत टाकली आणि उठला. दारात उभा राहून म्हणाला, "हमीदचं मी माफ केलं, भाय. तो माझा भाव, तो हक्क माझा. पण बाईंचं? बाई तुझ्यापायी हितंच अडकून मेल्या. ते माफ करायचा हक्क मना नाय. ते तू बाईंकडं माग."

तो गेला, बाई, आणि तुमच्याकडे माफी मागायची दुसरी कुठली जागा मला माहीत नाही, म्हणून हे तुम्हाला लिहितोय. मला माफ करा.